शिक्षा सुरणाला, माफी भाताला

कुंभकोणमहून कारैक्कालकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिरुनीलक्कुडी हे लहानसे गाव लागते. सभोवार कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेती, मधूनमधून केळीच्या बागा आणि गावात नीलकंठेश्वराचे प्राचीन मंदिर. सातव्या शतकातील शैव संत अप्पर यांनी या क्षेत्रावर पदे रचली आहेत. येथील शिवलिंगाला तिळाच्या तेलाचा अभिषेक करतात आणि कितीही तेल घातले तरी ते लिंगात जिरून जाते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. मंदिराच्या आवारातील फणसाचे फळही आधी देवाला अर्पण केल्याखेरीज बाहेर न्यायचे नाही, असा प्रघात सांगितला जातो. भात, केळी, फणस आणि तेल या चारही गोष्टी या गावाच्या जीवनाशी अशा निगडित आहेत. आणि वजन उतरवू पाहणाऱ्या आजच्या माणसाच्या चिंतेचे विषयही नेमके हेच चार आहेत.

महाराष्ट्रीय वाचकाला हा मुलूख परका वाटण्याचे कारण नाही. 1676च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरला मराठी राज्याची स्थापना केली आणि 1855पर्यंत ती गादी टिकली. 1798 मध्ये सरफोजीराजे दुसरे गादीवर आले, तेव्हा पदच्युत झालेले अमरसिंहराजे तिरुनीलक्कुडीपासून जवळच असलेल्या तिरुविडैमरुदूर येथे, म्हणजे मध्यार्जुन क्षेत्री, राहावयास आले. राज्य गेले तरी मराठी भाषक कुटुंबे तंजावर-कुंभकोणमच्या परिसरात राहिली. त्यांच्या बोलीत तमिळ शब्द मिसळले आणि ताटात तमिळ पदार्थ आले. या राजघराण्याला आहारशास्त्राचीही आवड होती. व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई यांच्या आश्रयाने राहिलेल्या रघुनाथपंडितांनी ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथात धान्ये, शाका, कंद, फळे यांचे गुणदोष सांगितले आहेत. तर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील ‘शरभेंद्रपाकशास्त्र’ हा सरफोजीराजांच्या पाकशाळेशी निगडित मराठी ग्रंथ प्रसिद्धही झाला आहे. कोणता कंद कोणाला मानवतो, हा प्रश्न म्हणजे काही आजच्या व्यायामशाळांनी लावलेला शोध नव्हे.

आज मात्र त्या प्रश्नाने वेगळे रूप घेतले आहे. वजन कमी करण्याचा निश्चय झाला की पहिली कुऱ्हाड बटाट्यावर पडते. त्यापाठोपाठ रताळे, सुरण, अळकुड्या आणि कच्ची केळी स्वयंपाकघरातून हद्दपार होतात. ‘पिष्टमय’ हा शब्द एखाद्या आरोपपत्रासारखा उच्चारला जातो. व्यायाम सुरू होतो, पहाटे फिरणे सुरू होते आणि दोन महिन्यांनी काटा जागच्या जागी दिसला की बिचारा माणूस उरलेसुरले गाजरही सोडण्याचा विचार करू लागतो. हा आरोप कितपत खरा आहे, हे तपासण्यास कावेरीकाठचे जेवण फार उपयोगी पडते, कारण तेथे एकाच पानावर सर्व आरोपी एकत्र वाढलेले असतात.

त्या भागातील पारंपरिक भोजनात भात एकदा येऊन थांबत नाही. प्रथम सांबारभात, मग रसमभात, शेवटी दहीभात किंवा ताकभात असे त्याचे तीन फेरे होतात. भाजी मात्र पानाच्या कडेला एक-दोन डाव एवढीच असते. ही भाजी पुष्कळदा कंदाची किंवा कच्च्या केळ्याची असते. सुरणाला तेथे सेनैक्किळंगु म्हणतात, अळकुड्यांना सेप्पंकिळंगु, रताळ्याला सक्करवळ्ळि आणि कच्च्या केळ्याला वाळैक्काय. आता हिशेब मांडू. शिजवलेल्या 100 ग्रॅम भातात सुमारे 130 उष्मांक असतात. तिन्ही फेरे मिळून 400 ग्रॅम भात झाला, आणि तो सहज होतो, तर 520 उष्मांक झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या जुन्या, सर्वपरिचित कोष्टकानुसार 100 ग्रॅम कच्च्या केळ्यात 64, सुरणात 79, बटाट्यात आणि अळकुडीत प्रत्येकी 97, तर रताळ्यात 120 उष्मांक आहेत. मरवळ्ळि किंवा टॅपिओका या कंदाचा आकडा तेवढा 157पर्यंत जातो. म्हणजे पानातील सुरणाची भाजी पूर्ण टाकून दिली तरी 80 उष्मांक वाचतात. भाताचा एक फेरा कमी केला तर पावणेदोनशे. तरीही शिक्षा सुरणाला आणि माफी भाताला, असाच निवाडा घरोघरी होत असतो.

यामागे एक साधा गैरसमज आहे. आपण धान्याला ‘अन्न’ मानतो आणि कंदाला ‘भाजी’. अन्न हे गृहीत असते. कपात करायची ती भाजीत. शरीराला मात्र हा भेद कळत नाही. तांदळातील पिष्ट असो वा सुरणातील, त्याची शेवटी साखरच होते. फरक पडतो तो पाण्याच्या, तंतूंच्या आणि एकूण आकारमानाच्या बाबतीत. कंदात पाणी पुष्कळ असते, त्यामुळे तेवढ्याच उष्मांकांत पोट अधिक भरते. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी 1995 मध्ये 38 पदार्थांची याच दृष्टीने परीक्षा केली होती. प्रत्येक पदार्थ 240 उष्मांकांएवढा खावयास देऊन पुढचे दोन तास भूक कितपत शमते, हे त्यांनी नोंदवले. पांढऱ्या पावाला 100 गुण धरले असता पांढऱ्या भाताला 138 गुण मिळाले आणि उकडलेल्या बटाट्याला 323. सर्व पदार्थांत बटाटा पहिला आला! ज्याला आपण लठ्ठपणाचा जनक समजतो तो पोट भरण्याच्या कामी अव्वल ठरला, ही गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. 240 उष्मांकांसाठी उकडलेला बटाटा पावणेतीनशे ग्रॅम खावा लागतो, आणि मीठ-मिरपुडीसह एवढा बटाटा एका बैठकीत संपवणे वाटते तितके सोपे नाही.

मग बटाटा निर्दोष ठरला काय? इतकी घाई करणेही बरे नव्हे. अमेरिकेतील 1 लाख 33 हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या आहाराचा आणि वजनाचा 24 वर्षांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. फळे आणि पिष्टरहित भाज्या अधिक खाणाऱ्यांचे वजन कालांतराने उतरल्याचे त्यात आढळले. उलट बटाटा, मका, वाटाणा अशा पिष्टमय भाज्यांचे प्रमाण वाढवणाऱ्यांचे वजन वाढलेले दिसले. त्याआधी 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात बटाट्याच्या तळलेल्या कापांचा दोष सर्वांत मोठा निघाला होता. या दोन प्रकारच्या निष्कर्षांत विसंगती वाटते, पण ती तितकीशी नाही. प्रयोगशाळेत बटाटा उकडून, मोजून आणि एकटा दिला होता. संसारात तो एकटा येत नाही. तो तेलातून येतो, पावाच्या पोटात बसून येतो आणि भात-पोळीच्या जागी न येता त्यांच्या जोडीला येतो. वडापाव, आलू पराठा, मसाला डोसा हे पदार्थ आठवून पाहावेत. प्रत्येकात पिष्टाच्या आवरणात पिष्टच भरलेले आहे.

तेलाचा भाग तर बहुतेकांच्या हिशेबातून निसटतोच. कुंभकोणमकडे अळकुड्या उकडून, सोलून, तिखट-हळद लावून भरपूर तेलात खरपूस परततात. हा प्रकार विलक्षण चविष्ट लागतो. 100 ग्रॅम अळकुडीचे उष्मांक 97. तिला परतण्यास तीन चहाचे चमचे तेल लागले तर तेलाचेच 120च्या आसपास होतात. म्हणजे भाजीपेक्षा फोडणी भारी! कच्च्या केळ्याचे तर पाहावयासच नको. 64 उष्मांकांचे केळे काप होऊन कढईतून बाहेर आले की 100 ग्रॅममागे 500चा आकडा ओलांडते, कारण त्यातील पाणी जाऊन जागा तेलाने घेतलेली असते. तिरुनीलक्कुडीच्या नीलकंठेश्वराला तेल कितीही जिरवता येते. भक्तांना ती देणगी लाभलेली नाही.

व्यायामाच्या बाबतीतही असाच एक हिशेब चुकतो. सुमारे 70 किलो वजनाचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर ढोबळमानाने 120 ते 150 उष्मांक खर्च होतात. परतताना केळ्याच्या कापांची मूठभर, म्हणजे 25 ग्रॅम, पुडी फोडली की जमाखर्च समसमान. ‘आज व्यायाम झाला आहे’ या समाधानात खाल्लेला घास व्यायामापेक्षा मोठा असतो, हा अनुभव तर सार्वत्रिक आहे. यावरून व्यायाम निरुपयोगी, असा अर्थ मात्र काढू नये. वजन उतरवण्याचे मोठे काम आहार करतो. उतरलेले वजन टिकवण्याचे, स्नायू राखण्याचे आणि रक्तातील साखर ताब्यात ठेवण्याचे काम व्यायाम करतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटांच्या मध्यम व्यायामाची शिफारस केली, शिवाय दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायामही सुचवले.

बँकेच्या ग्राहकांना परिचित भाषेत सांगायचे तर शरीराची दोन खाती असतात. यकृत आणि स्नायू यांत मिळून सुमारे अर्धा किलो पिष्टजन्य साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली असते. हे चालू खाते. चालणे, धावणे, जिने चढणे, वजने उचलणे यांसाठी लागणारी रक्कम प्रामुख्याने येथूनच तत्काळ काढली जाते. चरबी ही मुदत ठेव. ती सावकाश आणि नाखुशीनेच मोडली जाते. चालू खाते भरलेले असताना वर आणखी भरणा होत राहिला, तर जादा रक्कम ठेवीकडे वळते आणि ती बरोबर कमरेशी जमा होते. व्यायाम करणाऱ्याने पिष्ट पूर्ण तोडले तर चालू खाते रिकामे पडते, पाय जड होतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी व्यायामच बंद पडतो. पहिल्या आठवड्यात जे दोन-तीन किलो झपाट्याने उतरल्याचे दिसते त्यांत पाण्याचा वाटा मोठा असतो, कारण ग्लायकोजेन आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते. जेवणाच्या ताटात पुन्हा भात आला की ते पाणीही परत येते आणि माणूस निराश होतो.

म्हणून व्यायामाच्या तास-दीड तास आधी उकडलेले लहान रताळे किंवा व्यायामानंतरच्या जेवणात भाताचा एक फेरा काढून त्या जागी सुरणाची वाटीभर भाजी, ही योजना समंजस आहे. ‘त्या जागी’ हे दोन शब्द येथे कळीचे आहेत. भात तेवढाच ठेवून सुरण वाढवले तर वजन वाढेल. भात घटवून सुरण घेतले तर पोट भरेल आणि उष्मांकही घटतील. जोडीला प्रथिने मात्र हवीत. सुरण, अळकुडी, केळे यांत प्रथिने अगदी थोडी असतात, आणि वजन उतरताना पुरेशी प्रथिने नसतील तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. तमिळ स्वयंपाकातील ‘कूटु’ या पदार्थात भाजी मूगडाळीबरोबर शिजवतात आणि त्यात थोडा ओला नारळ वाटून घालतात. आपल्याकडील डाळ घालून केलेल्या भाजीचाच हा भाऊ. तेल एक चमचाभर पुरते. व्यायाम करणाऱ्याला याहून सोयीचे भांडे क्वचितच सापडेल.

शिळ्या भाताचीही येथे आठवण काढावी लागेल. रात्रीचा उरलेला भात पाण्यात घालून ठेवायचा आणि सकाळी ताक, मीठ, कांद्याबरोबर खायचा, ही ‘पळय सादम’ची पद्धत तमिळनाडूत पूर्वापार आहे. शिजलेले पिष्ट थंड झाले की त्यातील काही भागाची रचना बदलते आणि तो लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातील उपयुक्त जंतूंना तो खाद्य होतो. बटाटा उकडून गार केला तरी हेच घडते, आणि कच्च्या केळ्यात असे न पचणारे पिष्ट मुळातच असते. हा लाभ खरा असला तरी माफक आहे. शिळा भात म्हणून दुप्पट खाण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

हा सारा विचार कमरेच्या घेरापुरता असता तर तो आरशावर सोपवता आला असता. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत 10 कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. 13 कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर होते. पोटाचा लठ्ठपणा तर जवळजवळ 40 टक्के प्रौढांत आढळला. त्याच मालिकेतील 2025च्या निष्कर्षानुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे 62 टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, आणि त्यांतील मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये व साखर यांचा आहे. चेन्नईत झालेल्या अभ्यासांनीही याआधी बोट ठेवले होते ते पॉलिश केलेल्या तांदळावर. मूळ रोग सुरणात नव्हता.

तांदळाला तरी दोष का द्यावा, असे तिरुनीलक्कुडीचा शेतकरी विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. गावाशेजारीच आडुतुरै येथे तमिळनाडूची भात संशोधन संस्था आहे. 1922 मध्ये सुरू झालेल्या या केंद्रातून ‘एडीटी’ या आद्याक्षरांचे अनेक वाण निघाले. त्यांतील ‘एडीटी 27’ या अल्पमुदतीच्या वाणाने 1960च्या दशकात तंजावर जिल्ह्याचे उत्पादन वाढवण्यात मोठा वाटा उचलला. देश धान्यासाठी परदेशी जहाजांची वाट पाहत होता, त्या काळातील ही गोष्ट आहे. त्या वेळी शेतात दिवसभर वाकून रोप लावणाऱ्या स्त्रीला आणि नांगरामागे चालणाऱ्या पुरुषाला तीन फेरे भात कमीच पडे. पुढे ट्रॅक्टर आले, कापणीची यंत्रे आली. शेतकऱ्याची मुले कुंभकोणमच्या, चेन्नईच्या कचेऱ्यांत खुर्चीवर बसू लागली. कष्ट निम्म्यावर आले, पण भाताचे फेरे तीनच राहिले. बँकेच्या काउंटरमागे आठ तास बसणाऱ्यांनी ही तफावत आपल्याही ताटात शोधून पाहावी.

याच तमिळ भूमीत कुन्नूर येथे सर रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी 1920च्या दशकात एक गमतीचा प्रयोग केला होता. भारतातील निरनिराळ्या प्रांतांचे आहार त्यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना खाऊ घातले आणि त्यांची वाढ मोजली. शिखांचा आहार पहिला, पठाणांचा दुसरा, मराठ्यांचा तिसरा आला. पांढऱ्या तांदळावर भिस्त असलेला मद्रासी आहार तळाशी राहिला. त्या काळी वजन वाढणे हीच उत्तम आहाराची कसोटी होती! कसोटी आता उलटली असली तरी त्या यादीतला धडा जुना झालेला नाही. वरच्या क्रमांकांच्या आहारात दूध, डाळी आणि ताज्या भाज्या होत्या. त्याच प्रयोगशाळेतून पुढे राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली आणि 1958 मध्ये ती हैदराबादला गेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या संस्थेमार्फत 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात 2,000 उष्मांकांच्या ताटासाठी सुमारे 250 ग्रॅम धान्य आणि 400 ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. बहुतेक मराठी घरांत हे प्रमाण नेमके उलटे असते.

आपल्या उपवासांचीही यानिमित्ताने झडती घ्यावयास हरकत नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. उपवासाचा साबुदाणा ज्या टॅपिओकापासून बनतो त्याचा फार मोठा उद्योग तमिळनाडूतच, सेलमच्या परिसरात आहे. कोरड्या 100 ग्रॅम साबुदाण्यात सुमारे 350 उष्मांक आणि प्रथिने मात्र नाममात्र. दाण्याचे कूट, तूप आणि बटाट्याच्या फोडी धरून खिचडीची एक बशी सहज साडेपाचशेपर्यंत जाते. त्याऐवजी 200 ग्रॅम उकडलेले रताळे आणि वाटीभर दही घेतले तर उपवासही घडतो आणि उष्मांक तीनशे-साडेतीनशेवर थांबतात. (मजेची गोष्ट अशी की बटाटा हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, आणि मुळात तो रताळ्याचे नाव होता.)

काही सावधगिरी आवश्यक आहे. मधुमेहावर इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी ताटातील पिष्टाचे प्रमाण एकाएकी बदलू नये. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना कंदांतील पोटॅशियम बाधते. सुरणाने आणि अळकुडीने घसा खवखवतो तो त्यांतील ऑक्झॅलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवले की तो त्रास कमी होतो, पण मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी हे कंद जपूनच खावेत. अशा सर्वांनी डॉक्टरांना विचारूनच आहार ठरवावा.

जानेवारीच्या मध्यास तिरुनीलक्कुडीच्या परिसरात सांबा हंगामाचे भात घरी येऊ लागते आणि पोंगलच्या दिवशी अंगणात नवा तांदूळ शिजतो. त्या सुमारास घरोघरी सात किंवा त्याहून अधिक देशी भाज्यांचे कुळंबु करतात. त्यात सुरण, रताळे, कच्चे केळे, भोपळा, वालाच्या शेंगा, पावट्याचे दाणे असे सारे एकत्र चिंचेच्या रसात तुरीच्या डाळीबरोबर शिजते आणि तेल लागते ते फोडणीपुरते. त्याच दिवसांत महाराष्ट्रात भोगीची भाजी होते, भाद्रपदात ऋषीपंचमीची. ऋषीच्या भाजीत तर सुरण, अळू, कच्ची केळी, पडवळ, मका घालून पुष्कळ घरी फोडणीही देत नाहीत. वर्षातून एकदा होणारी ही भाजी महिन्यातून चारदा करण्यास कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाही. सुरणाचा गड्डा न चिरता हवेशीर जागी ठेवला तर कित्येक आठवडे टिकतो. चिरताना हातांना तेवढे गोडेतेल लावावे.